खजिनदाराची सही

मागच्या सुट्टीत घरी आलेल्या माझ्या मुलाने विचारले, "बाबा, रविवारीसुद्धा ऑफिस?" मी ऑफिसला निघालो नव्हतो. घराजवळच्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात पावतीपुस्तके तपासायला चाललो होतो. "म्हणजे कारकुनी?" तो म्हणाला. तो या शाळेचा कॅडेट आहे. बाप समाजसेवा करतो म्हणजे काहीतरी धाडसाचे करत असेल, अशी त्याची कल्पना असावी. त्याला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून शाळेच्या मराठी पानावर देतो आहे.

मी रेल्वेच्या लेखा विभागात नोकरी करतो. दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय कोलकात्यात गार्डन रीचला, हुगळीच्या काठी आहे. आपल्या नौदलासाठी युद्धनौका बांधणारा कारखाना याच भागात आहे. त्याला लागून मटियाबुर्ज. १८५६ साली राज्य गेलेले अवधचे नवाब वाजिद अली शाह येथे येऊन राहिले. आज ती शिंप्यांची वस्ती आहे. गल्ल्या इतक्या अरुंद, की चाकाची खुर्ची न्यायची तर समोरच्या सायकलवाल्याला थांबावे लागते. याच भागातल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या एका छोट्या केंद्राने मला खजिनदार व्हा म्हणून सांगितले. पगार नाही, महिन्याला एक बैठक, चेकवर दोनपैकी एक सही माझी. मी लगेच हो म्हटले. रेल्वेच्या हिशेबापुढे हा हिशेब तो काय!

पहिल्याच वर्षी चूक झाली, आणि ती माझी होती.

एका दात्याने रॅम्पच्या गाडीसाठी पैसे दिले होते. मार्चमध्ये अनुदान यायला उशीर झाला आणि फिजिओथेरपिस्टचे व मदतनीस बायकांचे पगार अडले. आमचे सचिव वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "गाडीचे पैसे दोन महिने वापरू, अनुदान आले की परत ठेवू." मला ते बरोबर वाटले नाही. पण ते वीस वर्षे ही संस्था चालवत आलेले आणि मी नवखा. मी सही केली. अनुदान आले ते तुकड्यातुकड्याने. तोवर गाडीची किंमत वाढली. गाडी आठ महिने उशिरा आली.

मधल्या पावसाळ्यात एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून बसपर्यंत येत होती. वार्षिक सभेत तिने उभे राहून मला विचारले, "दादा, टाका तो एलो, गाडी कोथाय?" पैसे तर आले, गाडी कुठे आहे? ऑडिटमध्ये एका पैशाचीही तूट नव्हती. तरी माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. दिव्यांगांच्या संस्थेत खजिनदार ही शोभेची जागा नाही. दाता पैसे देतो तेव्हा तो एका ठरावीक कामासाठी देतो. ते काम कुणाच्या तरी शरीराशी जोडलेले असते. खजिनदाराने डोळे मिटून केलेल्या सहीची किंमत बहुतेक वेळा असा माणूस मोजतो, जो बैठकीत बसलेलाच नसतो.

काही जण म्हणतात, सेवेच्या कामात इतका काटेकोरपणा कशाला? विश्वास असला की झाले. मी उलट म्हणतो. विश्वास आहे म्हणूनच हिशेब हवा. दादा अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत. नियम आधीच लिहिलेला असता तर त्यांना विनंती करावी लागली नसती आणि मला नकार देताना संकोच वाटला नसता. आता आम्ही विशिष्ट कामासाठी आलेली देणगी वेगळ्या खात्यात ठेवतो. तीन महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी बाजूला काढतो. बँकेच्या खात्याशी रोकडवहीचा ताळमेळ दर महिन्याला घालतो. आणि समितीत दोन पालक व एक दिव्यांग सदस्य आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, पण त्यांच्यासाठी आलेल्या पैशांविषयी त्यांना विचारायची सवय कायद्याने लागत नाही. ती आपणच लावून घ्यावी लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणणारा खजिनदारही तितकाच घातक. मुदत ठेवीचा आकडा वाढला म्हणून खूश व्हायचे आणि मुलाला वाढत्या वयाबरोबर लहान पडलेले कॅलिपर बदलायला पैसे नाहीत म्हणायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. पैसा वेळेवर खर्च करणे हाही हिशेबच.

कॅडेट मित्रांनो, मुरलीकांत पेटकर हे नाव तुम्हाला माहीत असेल. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकून आला. त्यांच्या प्रवासाचा खर्च क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने उचलला होता. पदक पेटकरांच्या मेहनतीचेच. पण कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ते पैसे जपून ठेवले होते आणि वेळेवर सोडले होते. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र घ्या किंवा १९१७ पासून जखमी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था घ्या, अशा जागा वर्षानुवर्षे टिकतात त्यामागे वह्या नीट ठेवणारी माणसे असतात.

म्हणून शाळेला एक सुचवतो. मेस समितीत कॅडेट असतात, ते पदार्थ ठरवतात. त्यांना महिन्याचा हिशेबही लिहू द्या आणि सगळ्यांसमोर वाचू द्या. अकरावीच्या मुलाला "दुधाचे बिल जास्त का आले?" या प्रश्नाला उभे राहून उत्तर देता आले, तर पुढे कंपनीचा निधी हाताळताना त्याचा हात थरथरणार नाही. आणि निवृत्त पालकांना व माजी प्रशिक्षकांना विनंती आहे की, आपल्या गावातल्या एखाद्या दिव्यांग संस्थेला विचारा, त्यांना खजिनदार हवा आहे का. बहुतेक ठिकाणी हवा असतो. भाषण करायला माणसे मिळतात, पावत्या लावायला मिळत नाहीत.

मुला, तू विचारलेस ते खरे आहे. ही कारकुनीच आहे. पुढच्या सुट्टीत रविवारी माझ्याबरोबर चल. सकाळी साडेनऊला ती गाडी फाटकाशी येते. रॅम्प खाली करायला एक माणूस लागतो.