कोटिंग मारलं की झालं?

मंडळी, दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी धाकट्या बंधूंची बारा बोअरची दुनळी कपाटातून निघाली. परवाना पीकसंरक्षणाचा, बंदूक वडिलांच्या वेळची. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती जमा केली तेव्हा तेल लावायचं राहिलं होतं. चूक आमचीच. नळीवर तांबूस ठिपके आले आहेत.

पुतण्या म्हणाला, "आप्पा, नाशकात कोटिंग मारून आणतो. मग तेल नको, पुसणं नको. नॉनस्टिक तव्यासारखं!"

मी चिडलो. कोटिंगवर नव्हे, "पुसणं नको" या दोन शब्दांवर.

कोटिंगला नावं ठेवण्याइतका मी अडाणी नाही. टेफ्लॉन 1938 साली सापडलं, त्याने घर्षण कमी होतं हे खरंच. आपल्या इन्सास रायफलच्या नळीला आतून क्रोम असतो, तो झीज आणि गंज दोन्ही रोखतो. पण बंदुकीची निळसर काळी झळाळी म्हणजे लोखंडाचा मुद्दाम चढवलेला, ताब्यातला गंजच. तेलाशिवाय तिचा फारसा उपयोग नाही. लष्करी शस्त्रांवरचा करडा फॉस्फेटचा थर तर सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो म्हणूनच तो कामाचा. म्हणजे हे थर तेलाला सोबती म्हणून आले, सुट्टी द्यायला नव्हे. आणि कोणताही थर दारूची काजळी आपोआप काढत नाही.

विश्वास बसत नसेल तर व्हिएतनाम आठवा. अमेरिकेने तिथल्या सैनिकांना एम-16 रायफल दिली. तिला सफाई फारशी लागत नाही असा समज पसरला, सफाईचं साहित्यही पुरेसं दिलं नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली आणि चेंबरला क्रोम नव्हता. ऐन लढाईत रिकामी काडतुसं आत अडकली, पोरं हातात बंद पडलेली रायफल घेऊन मेली. 1967 साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. मग क्रोम आला. पण त्याबरोबर सफाईचं साहित्यही आलं, आणि 1968 साली विल आयस्नर यांच्या चित्रांची, रायफल कशी राखावी हे शिकवणारी पुस्तिकाही! क्रोम लावूनसुद्धा पुसायला शिकवावंच लागलं.

आता पुतण्याच्या बेताबद्दल. पावडर कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते. जुन्या दुनळीच्या नळ्या बऱ्याचदा कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात, तो डाक याच सुमारास वितळू लागतो. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही परवाना लागतो. दरवाजे-ग्रील रंगवणाऱ्याकडे ती टाकणं हा गुन्हा आहे.

कॉलेजात एनसीसीत असताना थ्री-नॉट-थ्री झाडल्यावर आम्ही नळीत उकळतं पाणी ओतायचो, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार ओल ओढतो. मग दोरीला चिंदी बांधून नळी पुसायची, शेवटी तेलाची चिंदी. हवालदार नळीत डोळा लावून बघायचा. काळं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून.

दसऱ्याला मी पुतण्याला तेच करायला लावलं. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री, मग चिंदी. पहिली काळीकुट्ट निघाली, सातवी पांढरी. ठिपके परवानाधारक कारागिराला दाखवू. त्याने कोटिंग सुचवलं तर तेही करू.

पण पुसायचं दर महिन्याला, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पटत नसेल त्यांनी जरूर कळवा, भांडायला मी घरीच असतो.