गेंड्याला उंचवटा, माणसाला काय?

काझीरंगाहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये गेंड्यांचे फोटो असतात. असायलाच हवेत. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ एकशिंगी गेंडे मोजले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्राणी नामशेष होण्याच्या बेतात होता. १९०८ साली राखीव जंगल, १९७४ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ साली जागतिक वारसा, अशी ही वाटचाल आहे. आपल्याकडून कोणी कोहोरा किंवा बागोरीला जीप सफारीसाठी जात असेल, तर जरूर जावे. मुलांनाही न्यावे. मात्र तिथला पूर समजून घेतल्याशिवाय परतू नये.

पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते, कारण ब्रह्मपुत्रा आत शिरते. हे पाणी गाळ आणते, तळी भरते, जलपर्णी वाहून नेते. उंच गवत टिकते ते या पुरामुळेच. गेंडे, बारशिंगे, रानम्हशी यांची रोजी त्यावरच आहे. पाणी वाढले की जनावरे महामार्ग ओलांडून दक्षिणेला कार्बी आंगलोंगच्या डोंगरांकडे जातात. त्यांच्यासाठी वाहनांचा वेग मर्यादित केला जातो. उद्यानात मातीचे उंचवटेही बांधले आहेत. हे योग्यच आहे.

पण हीच नदी माणसांची जमीनही खाते. ब्रिटिश काळापासून आसामात राहणाऱ्या बंगाली मूळच्या अनेक मुस्लिम कुटुंबांची शेती आणि घरे तिने गिळली आहेत. विस्थापित माणूस मिळेल त्या जागी झोपडी उभारतो. मग त्याला 'घुसखोर' म्हणणे सोपे जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून काझीरंगालगतच्या बांदरडुबीत घरे पाडली गेली. त्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला.

शिंगासाठी गेंडा मारणारा गुन्हेगार आहे. त्याला कडक शिक्षा व्हावी, त्याचा धर्म कोणताही असो. पण त्याच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या वस्तीला, अख्ख्या समाजाला शिकारी ठरवणे हा इन्साफ नव्हे. अतिक्रमण हटवायचे असेल तर आधी कागद तपासा, पर्यायी जागा द्या, मग घर पाडा. उलट क्रमाने केलेले काम कायद्याच्या नावाने झाले तरी जुलूमच ठरते.

आपणही एकांगी होऊ नये. माणसांचे दुःख सांगताना 'जनावरांची एवढी काळजी कशाला?' असे काही जण म्हणतात. ते चूक आहे. सूरह अनआमने पशुपक्ष्यांनाही उम्मती म्हटले आहे. गेंडा, गवत, नदी सगळीच अल्लाहची मखलूक आणि आपल्याकडची अमानत आहे. तक्रार गेंड्याला उंचवटा मिळाला याची नाही. तसाच उंचवटा नदीने बेघर केलेल्या माणसालाही मिळावा, एवढेच मागणे आहे.

काझीरंगाला गेलात तर गाइडला गेंड्यांबद्दल विचाराच. पण नदीकाठची माणसे पुरात कुठे जातात, हेही विचारा.