अंडं गेलं वर्गणीवर

नाशिक : 'आज शाळेत काय होतं?' असं मुलांना विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, भात नाहीतर खिचडी. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळी. जानेवारी 2025 मध्ये मात्र सरकारने हात आखडता घेतला. नव्या शासन निर्णयात अंडा पुलाव ऐच्छिक झाला. अंडी आणि खिरीच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, पैसे शाळांनी लोकसहभागातून उभे करावेत, असं सांगितलं गेलं.

आता हिशेब करून पाहू. पहिली ते पाचवीच्या मुलाला या योजनेत रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे निम्मा वाटा. अंडं 7 रुपयांचं धरलं, तर 200 मुलांच्या शाळेला एका वेळेचे 1,400 रुपये लागतात. कॉलेज रोडवरच्या पालकांना ही रक्कम जड नाही. पण वडाळा गाव, मालेगावचे यंत्रमाग कामगारांचे मोहल्ले, पेठ-सुरगाण्याचे आदिवासी पाडे इथे वर्गणी मागायची कुणाकडे? ज्या मुलाला अंड्याची गरज जास्त, त्याच्याच शाळेत ते मिळणं अवघड. हा प्रश्न कुठल्या एका समाजाचा नाही, गरिबीचा आहे.

मुलांना चांगलं खायची आवड नसते, असं आपण सहज बोलून जातो. पण आवड ताटात आल्याशिवाय लागणार कशी? तोवर गेटबाहेरचं पाच रुपयांचं पाकीट जिंकणारच.

पालकांच्या हातात काहीच नाही, असंही नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आहारावर लक्ष ठेवणं हे याच समितीचं काम आहे. अम्मी-अब्बूंनी बैठकीला जावं, जेवण चाखून पाहावं आणि अंड्यासाठी पुन्हा निधी द्या, असा ठराव लेखी पाठवावा. मोहल्ल्यातून मदत जमली तर चांगलंच. पण मुलांचं जेवण हा त्यांचा हक्क आहे, खैरात नाही.