बैठकीची खोली आणि तिच्यातील अडगळ

पावसाळा तोंडावर आला असताना अग्रलेखाच्या जागी कपाटे, फळ्या आणि माळे यांचा विचार आम्ही मांडावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. राज्यापुढे मोठे प्रश्न काय थोडे आहेत, असेही कोणी विचारील. प्रश्न आहेत आणि त्यांवर आम्ही लिहीत असतोच. परंतु म्हापसा, मडगाव, फोंडे, वास्को येथील सदनिकांत राहणाऱ्या सामान्य गोमंतकीय कुटुंबाचे अर्धे आयुष्य ज्या दहा फूट बाय बारा फूट खोलीत जाते, त्या खोलीत माणसाला पाय पसरावयास जागा उरली आहे की नाही, हा प्रश्नही लहान नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीचे किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट, आणि उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट, सांगितली आहे. बहुतेक बैठकीच्या खोल्या या किमानाच्या आसपासच घोटाळतात. किमान हे कमाल होऊन बसावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी एका स्नेह्याच्या घरी आम्ही गेलो होतो. भावाभावांत वाटण्या झाल्या, गावचे घर मोडकळीस आले, म्हणून गणपती यंदा प्रथमच सदनिकेत आणावयाचा होता. मखर कोठे मांडावे याची चर्चा चालली होती. एका भिंतीला सुतारकामाने जखडलेले भले मोठे शोकेस, दुसरीला कोपऱ्यात वळणारा सोफा, तिसरीला दूरदर्शन संचाचे कपाट. सोफा बाहेर काढावा म्हटले तर तो दारातून जाईना. तो मुळात बाल्कनीतून दोर लावून चढविलेला. माटोळी बांधावयाची म्हटले तर छताला एक कडी नाही. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, काकड्या, रानातली फळे यांचे ओझे काही पंख्याच्या हुकावर टाकता येत नाही. घरातील वृद्ध मातुःश्री हे सारे दिवाणाच्या टोकाला बसून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “देवाला जागा नाही, आणि या बाहुल्यांना आहे!” शोकेसमधल्या बाहुल्यांकडे त्यांचा हात होता. त्या वाक्याने आम्हांस हा लेख लिहावयास लावले.

आपल्या जुन्या घरांत सामान कमी होते, असा एक गोड गैरसमज आहे. तो खरा नाही. वर्षाचे भात, मिरची, चिंच, सोले, खारातल्या कैऱ्या, सुके मासे, नारळ, लाकूडफाटा, लग्नकार्याची भांडी, देवाची उपकरणी, असा डोंगर त्या घरांत राहत असे. पावसाच्या चार महिन्यांचे पुरुमेंत भरून ठेवणे हा तर गृहिणीचा खरा कस होता. तरीही वसरीत पाऊल टाकले की मोकळे वाटे. एक सोपा, एखादा झोपाळा, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली चटई, बस्स. याचे रहस्य असे की ते घर स्वतःच एक मोठे कपाट होते. चिऱ्याची अगर मातीची भिंत दीड-दोन फूट जाडीची; तिच्या पोटात कोनाडे आणि फडताळे काढलेली असत, त्यामुळे वस्तू भिंतीत जात, खोलीत येत नसत. वर वाशांना टांगलेल्या दांडीवर कपडे, शिंक्यात दूध-लोणी, खुंटीला छत्री आणि टोपी, कोठीत कणगी, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, डोक्यावर माळा. जमिनीवर फारसे काही नसेच. आणि पेटारा! त्याच्या पोटात पितळेची भांडी आणि वर आजोबांचे अंथरूण. आज दुकानात ‘स्टोअरेजवाला दिवाण’ म्हणून जे मोठ्या ऐटीने विकले जाते, ते आमच्या पणजोबांना ठाऊक होते.

सदनिकेची आतली भिंत चार-पाच इंचांची असते. तिच्यात कोनाडा निघत नाही. म्हणून जे पूर्वी भिंतीच्या पोटात जात असे, ते आता भिंतीपुढे येऊन उभे राहते आणि खोली खाते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढचा विचार सोपा होतो. जमीन मोजकी आहे. तिच्यावर जे उभे करावयाचे ते शक्य तितके उथळ असावे, आणि उरलेले वर किंवा खाली जावे.

उथळपणाचा हिशेब कोणी करीत नाही. पुस्तकाला नऊ-दहा इंच खोल फळी पुरते. आमचे सुतार मात्र सवयीने दीड फूट खोल कपाट करतात. मग पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग जन्मात पुन्हा दिसत नाही. दहा फूट लांबीच्या भिंतीवर हे आठ इंच वाचविले तर साडेसहा चौरस फूट जमीन मोकळी होते. एका माणसाच्या अंथरुणाची जवळजवळ निम्मी जागा ती! तीच गोष्ट दूरदर्शन संचाची. पूर्वीचा संच पाठीमागे पोट सुटलेला असे, म्हणून त्याला दोन फूट खोल कपाट लागे. आता संच भिंतीवर टांगतात आणि तो चार बोटे जाडीचा असतो. पण त्याच्याखालचे दोन फुटी कपाट मात्र तसेच कायम आहे. त्या कपाटात काय असते, हे आम्ही चार-पाच घरी विचारून पाहिले. बंद पडलेले दोन भ्रमणध्वनी, वायरींचा गुंता, आणि ज्या वस्तूंची वॉरंटी केव्हाच संपली त्यांची रिकामी खोकी.

वरच्या जागेचा उपयोग आपण अगदीच करीत नाही. दाराच्या माथ्याबरोबर, सात फुटांवर, एका भिंतीच्या लांबीने दोन फूट रुंदीचा माळा घातला तर नऊ फुटी खोलीत चाळीस घनफूट जागा मिळते. सहा बाय तीन फुटांच्या दिवाणाखाली फूटभर खोलीची पेटी केली तरी ती अठराच घनफूट होते. म्हणजे माळा दोन दिवाणांहून अधिक सामान गिळतो आणि पायांत येत नाही. मात्र त्यावर वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या वस्तूच जाव्यात: मखराच्या पट्ट्या, आकाशकंदील, जादा गाद्या, प्रवासाच्या बॅगा. रोजच्या वस्तूसाठी स्टुलावर चढावे लागले की घरातील म्हातारे माणूस एक दिवस पडते, आणि मग त्या माळ्याची किंमत फार होते. इमारत उभी राहत असतानाच स्लॅबबरोबर असा माळा आणि छताला चार भक्कम कड्या सोडणे बांधकाम करणाऱ्यास अवघड नाही. नंतर भिंती फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. 2016 च्या कायद्याने सदनिकेचे चटई क्षेत्र म्हणजे काय हे निश्चित केले, त्यामुळे जिन्याचे आणि गच्चीचे क्षेत्रफळ आपल्या माथी मारले जाते की काय हे तरी ग्राहकास आता कळू शकते. परंतु त्या चटईवर राहावयाचे कसे, हे कोणताच नकाशा सांगत नाही. गोव्यात घरे बांधावयाची आणि माटोळीची कडी विसरावयाची, याला काय म्हणावे?

दुसऱ्या प्रांतांतील मासिकांतून खोली सजविण्याचे जे सल्ले येतात, ते येथे जसेच्या तसे चालत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे पाऊस शंभर इंचांवर पडतो आणि हवेत समुद्राचे मीठ असते. नैर्ऋत्येकडून येणारी सर ज्या बाहेरच्या भिंतीवर आपटते तिला लागून कपाट उभे केले की ऑगस्टात त्याच्या पाठीला बुरशी धरते आणि आतील रेशमी वस्त्रांना कुबट वास येतो. अशा भिंतीपासून दोन इंच तरी अंतर ठेवावे, शक्य तर कपाट आतल्या भिंतीलाच घ्यावे. भुशाच्या दाबीव फळ्यांचे स्वस्त सामान पाणी पिऊन फुगते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे बिजागरे हाताशी येते. प्लायवूड घ्यावयाचे तर आय. एस. 710 हा मरीन प्रतीचा शिक्का पाहून घ्यावे, थोडे महाग पडले तरी. पाऊण इंची फळीला दर अडीच फुटांवर आधार नसेल तर पुस्तकांच्या भाराने ती झोळीसारखी वाकते. दिवाणाची पेटी चहूबाजूंनी बंद न करता तिला मागून भोके पाडावीत, आणि ती जमिनीपासून चार इंच उचललेली असावी, म्हणजे खाली फडकेही फिरेल आणि वाराही. पूर्वी कपाटात पिवळा दिवा लावून ऊब देत असत, आजच्या एल.ई.डी. दिव्याला ती ऊब नाही. तेव्हा उघडीप पडेल त्या दिवशी दारे सताड उघडणे हाच उपाय. लोखंडी कपाट किनाऱ्याजवळच्या घरात तळापासून गंजते. त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे हवेत. गावच्या घरातून आलेले फणसाचे अगर मट्टीचे एखादे जुने कपाट असेल, तर ते कापून-तासून बसवावे. त्याच्या तोडीचे नवे मिळणे कठीण.

जखडलेल्या सामानाविषयी आमचे मत अगदी प्रतिकूल आहे. बैठकीची खोली ही सकाळी अभ्यासाची, दुपारी शिवणाची, संध्याकाळी पाहुण्यांची आणि रात्री निजण्याची खोली असते. चतुर्थीला ती देवाची होते. अशा खोलीत मधली जमीन मोकळीच राहिली पाहिजे. भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेली, मिटून ठेवता येणारी फळी हे मुलाचे मेज होऊ शकते. मिटणाऱ्या खुर्च्या खुंटीला टांगता येतात. आणि आपले पाट तर एकावर एक रचले की वीतभर जागेत सहा माणसांचे आसन मावते. देव्हारा भिंतीवर छातीच्या उंचीला घ्यावा आणि त्याच्या खालच्या खणात वाती, तेल, कापूर, उदबत्ती ठेवावी. पूजेच्या वेळी घरभर धावाधाव होत नाही. बाल्कनी काचांनी बंद करून तिची कोठी करण्याची जी टूम निघाली आहे, ती आम्हांस मान्य नाही. वारा येण्याचे एकच तोंड असते, ते बुजवून आत पंखे वाढवावयाचे, हा कसला संसार!

शोकेसविषयी आम्ही अधिक कठोर बोललो तर वाचकांनी क्षमा करावी. त्यात ठेवलेल्या कपबश्यांतून कोणी चहा पीत नाही. पाहुण्याला त्या नुसत्या दाखवावयाच्या, आणि चहा मात्र आतल्या स्टीलच्या पेल्यातून द्यावयाचा. त्याच वेळी आजीचा तांब्याचा हंडा आणि पितळेची परात ‘जागा नाही’ म्हणून भंगारवाल्याला वजनावर दिली जाते. अशी विक्री आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. सगळेच जुने राखावे असे आमचे म्हणणे नाही. सात हंडे सदनिकेत मावणार नाहीत, हे उघड आहे. एक ठेवावा, त्यात उभ्या छत्र्या ठेवाव्यात, चालेल! परंतु निवड करताना वस्तू चकचकीत आहे की नाही, हे पाहण्यापेक्षा ती वापरात येते काय आणि गेल्यावर परत मिळणार आहे काय, हे पाहावे. प्लास्टिकचे स्टूल उद्या बाजारात मिळेल. परात मिळणार नाही.

खरा पेच निराळाच आहे. गावचे घर बंद करून मुलाकडे राहावयास आलेले आई-वडील बहुधा याच खोलीत निजतात. त्यांची म्हणून एक पेटी असते, औषधांचा डबा असतो, चष्मा असतो, एखादी पोथी असते. या चार वस्तूंना कायमचा, त्यांच्या हाताला लागेल असा एक खण त्या खोलीत असतो काय? बहुतेक घरांत नसतो. त्यांचे सामान आज दिवाणाखाली, उद्या माळ्यावर, परवा मुलीकडे, असे फिरत राहते. आणि तोंडाने काही न बोलता ती माणसे हळूहळू पाहुण्यांसारखी वागू लागतात. चष्मा मागावयाचासुद्धा त्यांना संकोच वाटतो. सुताराला बोलाविण्याआधी हा एक खण नक्की करावा. मापे नंतर घ्यावीत. पोराच्या दप्तराचेही तसेच. त्याची जागा ठरलेली नसेल तर ते सोफ्यावर पडणारच, आणि मग त्यावरून रोज संध्याकाळी आरडाओरड.

शोकेसविषयी एवढे बोलल्यावर आमच्या स्वतःच्या खोलीविषयी मौन धरणे बरे दिसणार नाही. तेथे एक लोखंडी पेटी आहे. 1955 सालच्या सत्याग्रहाच्या वेळची कात्रणे, पत्रके, तुरुंगातून आलेली काही पत्रे तीत आहेत. मागल्या पिढीने ती राखली आणि आमच्याकडे आली. ती कितीतरी वर्षे दारामागे उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पोटरीला लागत असे. घरातून तक्रारी झाल्या, त्या रास्त होत्या. दिवाणाखाली सरकविली, तर एका पावसाळ्यात तळाशी गंज आला आणि वरची दोन पत्रके एकमेकांस चिकटली. माळ्यावर उष्णता. अखेर या वर्षी शोकेसचा खालचा कप्पा रिकामा करून, बाहुल्या शेजारच्या मुलांना देऊन, तेथे ती पेटी ठेवली आहे; मधल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर. कागद आतून अजून दमट आहेत. दसऱ्यानंतर पहिले खणखणीत ऊन पडले की ते गच्चीवर सावलीत पसरावयाचे, असे ठरले आहे.