पापणी पडलीय? ‘मोठेपणी होईल ठीक’ म्हणू नका!

येरवडा : वरची पापणी खाली झुकणे, म्हणजे ‘टोसिस’, हा केवळ दिसण्याचा प्रश्न समजला जातो. हीच समजूत नजरेवर बेतते.

कारणे काय?
काही मुलांत पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच कमकुवत असतो. उतारवयात त्याची पकड सैल होते. संध्याकाळी पापणी जास्त जड होत असेल, तर ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ असू शकतो.

धोका कुठे?
लहान मुलाची बाहुली झाकली गेली, तर डोळा ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांनंतर ती नजर परत मिळवणे अवघड. मोठ्यांत पापणी अचानक पडली, सोबत तीव्र डोकेदुखी किंवा एकाचे दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मण्यार चावल्यावरही पापण्या मिटू लागतात. तेव्हा मांत्रिक नव्हे, प्रतिविष हवे.

उपचार काय?
स्नायू आखूड करणे किंवा पापणी कपाळाच्या स्नायूला जोडणे, अशा शस्त्रक्रिया होतात. मायस्थेनियावर औषधे आहेत.

येरवड्याहून ससून रुग्णालय नदीपलीकडेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते. तिथेच पापणीकडेही नीट पाहिले, तर एखाद्या मुलाची नजर वेळेत वाचेल.