महिन्यातला एक दिवस, कारणाशिवाय



परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे चक्कर मारली की निवृत्त मंडळींचे घोळके दिसतात. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं शेतकऱ्याला ‘परभणी मोती’सारखं ज्वारीचं वाण दिलं, आणि शहराला चालायला मोकळे रस्ते दिले. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं जाणाऱ्या गावात ही काही लहान देणगी नव्हे. या रोजच्या चालण्यातून ओळखी होतात, ओळखीतून गट बनतो, आणि मग महिन्यातून एकदा गावाबाहेर जायचं ठरतं. कधी जिंतूरजवळची नेमगिरीची लेणी, कधी पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण, कधी चारठाण्याची जुनी देवळं, कधी गोदावरीकाठचं मुदगल. थंडीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा. गाडी लांब उभी करायची, दोन-तीन किलोमीटर चालायचं, सावलीला बसून जेवायचं, संध्याकाळी घरी.

हे गट आम्हाला मनापासून आवडतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी खुर्ची सुटली की पुरुषाचं काय होतं ते आपण घराघरात पाहतो. सकाळपासून वर्तमानपत्र चाळणारा, स्वयंपाकघरात येऊन गॅस बारीक करायला सांगणारा माणूस अशा एखाद्या गटामुळं पुन्हा माणसात येतो. तेव्हा गटांबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्यात बायका कुठं असतात याचा.

गटाच्या निरोपात बहुधा एक शब्द असतो : ‘सपत्नीक’. सदस्य तो, ती त्याच्यासोबत. वर्गणी त्याच्या नावावर, फोन नंबर त्याचा, पुढच्या महिन्यात कुठं जायचं हे ठरतं ते पुरुषांच्या बाकावर. आणि सहलीच्या दिवशी ‘सौ.’ पहाटे चारला उठलेल्या असतात. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, वर कुणाला मधुमेह म्हणून वेगळी बिनसाखरेची तजवीज. तिथं पोचल्यावर सतरंजी कोण अंथरतं, वाढतं कोण, उरलेलं कोण बांधतं, हे लिहायची गरज नाही. एका निवृत्त परिचारिकेनं आम्हाला सांगितलं, “सहल त्यांची असते हो, आमची बदलीची ड्यूटी.” छत्तीस वर्षं रात्रपाळ्या केलेली बाई आहे ती. तिला स्वतःचं पेन्शन आहे. पण गटाच्या यादीत ती अमक्यांची मिसेस आहे.

यातली खरी मेख कळते ती नवरा गेल्यावर. सदस्य गेला, सदस्यत्व संपलं. तिला कुणी काढून टाकत नाही. उलट शोकसभा होते, चार जण येऊन बसून जातात. फक्त पुढच्या सहलीचा निरोप येत नाही. गटातल्या एखाद्याला वाटतं की बोलवावं, पण “त्यांना बरं वाटेल का, लोक काय म्हणतील” असं म्हणून तो थांबतो. आणि तिलाही घरात “आता कशाला” असं ऐकू येतं. साठीनंतर विधवांची संख्या विधुरांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे जनगणना वर्षानुवर्षं सांगते. बाई नवऱ्याहून वयानं लहान असते, जास्त जगते, आणि पुनर्विवाह करते तो पुरुष. म्हणजे सोबतीची, चार पावलं बाहेर पडण्याची गरज जिला सगळ्यांत जास्त, नेमकी तीच यादीतून गळते. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. एका शब्दात दडलेली व्यवस्था ते आपोआप करते.

मुळात ‘निवृत्त’ हा शब्दच तपासून घ्यायला हवा. १९७०-८०च्या दशकांत आपल्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळांत, आरोग्य केंद्रांत, तलाठी-पोस्ट-बँकेच्या कचेऱ्यांत ज्या मुली चिकटल्या, त्या गेल्या दहा-वीस वर्षांत बाहेर पडल्या. मराठवाड्यात पेन्शनचं पासबुक स्वतःच्या नावावर असलेल्या बायकांची ही पहिली मोठी पिढी. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, “आता आराम करा” असं भाषण. दुसऱ्या दिवसापासून नातवाची शाळेची बस. सून नोकरीवर जाते, आणि सुनेनं नोकरी सोडू नये असं आपणच आयुष्यभर सांगत आलो. मग घर सांभाळायला सासू. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत निघालं की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली, पुरुषानं आपली नऊ सोडवून घेतली! या हिशेबात सेवानिवृत्तीचं वय नाही.

आणि ज्यांना कधी नोकरीच नव्हती त्या? आमच्याच काही कार्यकर्त्यांनी हा विषय निघाल्यावर नाक मुरडलं. फिरायला जाणं ही पेन्शनवाल्यांची चैन, पाथरी-सोनपेठच्या कापूस वेचणाऱ्या बाईला तुम्ही काय बुटांचे जोड वाटणार आहात, असं विचारलं. प्रश्न रास्त आहे. सत्तरीतली मजूर बाई वेचणीच्या दिवसांत अजून शेतात जाते, कारण श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये औषधाला पुरत नाहीत. गंगाखेड, पालमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं शरीर पन्नाशीतच थकतं. तिला चालण्याचं कौतुक नाही. ती जन्मभर चाललीच आहे. पाण्याला, शेताला, रेशनच्या दुकानाला.

पण तीच बाई आषाढात काय करते ते पाहा. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. परभणी, दैठणा, गंगाखेड, आणि पुढं परळीकडं. त्या वाटेवर उभं राहिलं की डोक्यावर तुळस, हातात पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका दिसतात. घरी दुखणारा गुडघा वाटेवर दुखत नाही. विठोबाची ओढ खरीच आहे, तिच्यावर शंका घ्यायचं काही कारण नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे. त्या पंधरा-वीस दिवसांत तिला कुणासाठी चूल पेटवावी लागत नाही, शेजारी बरोबरीच्या बायका असतात, बोलायला वेळ असतो. घरातून निघण्यासाठी बाईला नेहमी देवाची चिठ्ठी लागते. वारी, जत्रा, उरूस, हळदीकुंकू, नवस, नाहीतर कुणाचं लग्न, कुणाचं मयत. स्वतःच्या नावावर रजा मागितली तर मिळत नाही. ज्या गंगाखेडात जनाबाई जन्मली, तिथल्या बायकांना तरी हे समजावून सांगायला नको. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या त्या बाईला सोबतीलासुद्धा देवच बोलवावा लागला.

म्हणून कारणाशिवाय बाहेर पडण्याची गोष्ट आम्हाला किरकोळ वाटत नाही. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली एक पुस्तक लिहून विचारलं होतं की बाईला शहरात नुसतं रेंगाळता का येऊ नये. तो प्रश्न तरुण मुलींच्या संदर्भात जास्त गाजला. पासष्टीच्या बाईला छेडछाडीची भीती कमी असेल, पण तिच्यासाठी दुसरा शब्द तयार असतो : म्हातारचळ. नवऱ्याबरोबर गेली तर सहल, मैत्रिणींबरोबर गेली तर चळ.

तब्येतीची बाजू तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार पासष्टीपुढच्या माणसानंही आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं किंवा तत्सम हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. “घरात काय कमी चालते ती” हे उत्तर इथं चालत नाही. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं आणि मोकळ्या हातानं अर्धा तास भरभर चालणं यांचा शरीरावर होणारा परिणाम वेगळा. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. न्हाणीघरात पाय घसरला की खुबा मोडतो, आणि मग ती उठतच नाही. अशी उदाहरणं प्रत्येकीच्या नात्यात आहेत.

दूरदेशी या मंडळींनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये १९७३ साली तुलूझ इथं निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं. ते खऱ्या विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९८२ साली इंग्लंडमध्ये ती कल्पना गेली तेव्हा तिथल्यांनी तिला वेगळं वळण दिलं : प्राध्यापक नको, परीक्षा नको, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं आणि आपापले गट चालवायचे. त्यातले फिरायला जाणारे गट आजही चालतात, कितीतरी ठिकाणी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की तिथं सभासद होते ती व्यक्ती, जोडपं नव्हे.

तेव्हा परभणी, सेलू, जिंतूर, पूर्णा, कुठंही असा गट असेल तर पहिली मागणी हीच करायची. यादीत माझं नाव, माझा फोन नंबर, माझी वर्गणी. नवरा सभासद असो, नसो, हयात असो, नसो. हे जमत नसेल तर बायकांनी आपला गट काढावा, पण आमच्या मते तो दुसरा पर्याय. पुरुषांबरोबर बरोबरीनं चालायची सवय आपल्यालाही हवी आणि त्यांनाही. त्यांच्या गप्पांत वेतन आयोग आणि महागाई भत्ता असतो, तो आपल्याही पेन्शनला लागतोच की.

दुसरं, डबा. सहलीच्या दिवशी ज्यानं त्यानं आपला डबा आपण करावा, नाहीतर सगळ्यांनी पैसे काढून त्या गावातल्या बचत गटाकडून जेवण घ्यावं. पिठलं-भाकरी, ठेचा पुष्कळ झाला. त्या बायकांनाही चार पैसे मिळतील.

तिसरी अडचण बोलायला लाज वाटते म्हणून कायम राहते. बायका सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. लेण्यांपाशी, देवळापाशी, धरणावर शौचालय नसतं, असलं तर कुलूप. वय झालं की लघवी रोखता येत नाही. उन्हात पाणी न पिता चालायचं, मग जळजळ, मग ताप, आणि “बघ, म्हटलं होतं ना जाऊ नको”. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवून बायकांनी महानगरपालिकेला हा प्रश्न ऐकायला लावला. आपण निदान एवढं करू शकतो : जागा ठरवायच्या आधी तिथल्या ग्रामपंचायतीला फोन करून शौचालयाचं विचारायचं, शाळेची किल्ली मागून घ्यायची. हे काम गटातल्या पुरुषांकडं द्यावं. त्यांनी दोनदा विचारलं की बरंच काही आपोआप सुधारेल.

पैशाचं थोडं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्म्या तिकिटात. बायका त्यानंतर खरोखर बाहेर पडू लागल्या, कुठल्याही स्टँडवर उभं राहून पाहावं. रेल्वेनं मात्र उलट केलं. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना पन्नास टक्के सवलत होती, पुरुषांना साठीनंतर चाळीस. करोनाच्या नावाखाली २० मार्च २०२० ला ती थांबवली ती आजतागायत परत आलेली नाही. परभणी आणि पूर्णा ही दोन जंक्शनं जिल्ह्यात असताना आपल्याला हे गप्प बसून सोसण्याचं कारण नाही. निवृत्तांच्या संघटना ही मागणी करतातच. त्या निवेदनांवर बायकांच्या सह्या किती असतात, हे पुढच्या वेळी मोजा.

आणि ज्यांचं पासबुक मुलाकडं असतं, एटीएम कार्ड मुलाकडं असतं, त्यांना पन्नास रुपयांचं तिकीटही मागून घ्यावं लागतं. ‘सहलीला पैसे पाहिजेत’ असं म्हणताना जीभ अडखळते. पेन्शन आपलं असो, कुटुंब निवृत्तिवेतन असो की श्रावणबाळचे दीड हजार, बँकेत आपण स्वतः जायचं. गटातल्या दोघी-तिघींनी एकत्र जायचं ठरवलं तर ही पहिली सहल आपल्याच गावातल्या बँकेपर्यंतची होईल.

जागा सुचवायची तर सेलू तालुक्यातलं वालूर. तिथं एक चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. वर्षानुवर्षं गाळानं भरलेली होती, गावकऱ्यांनी अलीकडं राबून ती मोकळी केली. सेलूपर्यंत रेल्वेनं किंवा एसटीनं जाता येतं, पुढं गावची गाडी. बारव म्हटलं की आपल्या आज्या-पणज्या आठवतात. डोईवर घागर आणि कडेवर पोर घेऊन त्यांनी अशाच पायऱ्या चढल्या-उतरल्या. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी वरच्या काठावर बसावं. बाकीच्यांनी हात मोकळे ठेवून, एकमेकींना धरून, सावकाश खाली जावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ, आणि सकाळी अकराच्या आत उरकावं.

तुमच्या गावात असा गट असेल, त्यात तुमचं नाव कसं लिहिलेलं आहे, डबा कोण करतं, नवरा गेल्यावर निरोप येत राहिला का, हे आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ही पत्रं छापू. नाव नको असेल तर तसं लिहा.