राजीनाम्याची आरती आणि न दिलेली उत्तरे

१/ देशात कोठेही रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लालबहादूर शास्त्रींचे छायाचित्र फिरू लागते. त्याखालचा मजकूर ठरलेला असतो: पूर्वीचे मंत्री जबाबदारी घेत, आताचे घेत नाहीत. हजारो लोक ते पुढे पाठवतात. तो अपघात कोठे झाला, किती माणसे मेली आणि राजीनाम्यानंतर काय घडले, हे त्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल.

२/ हा थ्रेड शास्त्रींच्या विरोधात नाही. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विरोध आहे तो राजीनामा म्हणजेच उत्तरदायित्व या समजुतीला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंधरा वर्षांतील चार प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की ही समजूत किती तकलादू आहे ते दिसते.

३/ प्रकरण पहिले. सप्टेंबर १९५६. तत्कालीन हैदराबाद राज्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून गाडी खाली गेली. शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वेमंत्री शास्त्रींनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नेहरूंनी तो नाकारला.

४/ तीन महिनेही उलटले नाहीत तोच, २३ नोव्हेंबर १९५६ रोजी पहाटे तमिळ प्रदेशातील अरियलूरजवळ मद्रासहून तुतिकोरिनला निघालेली एक्सप्रेस पुराने खचलेल्या मार्गावरून नदीत कोसळली. मृतांचा आकडा दीडशेच्या घरात गेला. शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी तो स्वीकारला गेला.

५/ नेहरूंनी संसदेत दिलेले स्पष्टीकरण फॉरवर्डमध्ये कधीच नसते. अपघाताला शास्त्री जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून राजीनामा स्वीकारत आहोत, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्या घटनेला आज जबाबदारी स्वीकारण्याचा परमोच्च क्षण म्हटले जाते, त्याच क्षणी सरकारप्रमुख सांगत होते की संबंधित मंत्री दोषी नाही. मग दोषी कोण? दोन पूल, दोन गाड्या, अडीचशेच्या आसपास प्रेते, आणि लोकस्मृतीत उरला तो एका सज्जन माणसाचा त्याग.

६/ १९५७ च्या निवडणुकीनंतर शास्त्री पुन्हा केंद्रीय मंत्रिमंडळात आले, परिवहन आणि दळणवळण खात्याचे मंत्री म्हणून. राजीनाम्याला जेमतेम पाच महिने झाले होते. यात गैर काही नाही. कर्तबगार माणूस कायमचा घरी बसावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु पदत्याग ही जर शिक्षा होती, तर ती फार लहान होती. आणि शिक्षा नव्हती, तर ती नेमकी काय होती, याचे उत्तर आरती ओवाळणाऱ्यांनी द्यावे.

७/ परतीचे तिकीट ही प्रथा पुढे चांगलीच रुजली. १९९९ मध्ये गैसल येथे दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली, अडीचशेहून अधिक माणसे गेली, नीतीश कुमार यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले आणि २००१ मध्ये ते त्याच खात्यात परतले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख अशा तिघांनी एकापाठोपाठ पदे सोडली. २००९ संपण्यापूर्वी विलासराव केंद्रात मंत्री आणि आर. आर. पाटील पुन्हा राज्याचे गृहमंत्री झालेले होते. शिवराज पाटील जानेवारी २०१० मध्ये पंजाबच्या राज्यपालपदी गेले. दरम्यान पोलिसांच्या प्रतिसादाची छाननी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल मात्र सुरक्षेचे कारण सांगून आधी सभागृहापासून दूर ठेवण्यात आला होता. माणसे लवकर परतली; कागद मागे राहिला.

८/ प्रकरण दुसरे, पुन्हा १९५६. हे महाराष्ट्राच्या दारातले आहे, आणि त्याचे छायाचित्र कोणी फिरवत नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला. मुंबई पेटली. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असलेल्या राज्य सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील ज्या हुतात्म्यांची संख्या परंपरेने १०५ सांगितली जाते, त्यांतील बहुसंख्य त्याच आठवड्यातले.

९/ केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख तेव्हा कुलाब्याचे खासदार होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, सनदी परंपरेत वाढलेले, रस्त्यावरच्या राजकारणाचा स्पर्शही नसलेले गृहस्थ. त्यांनी राजीनामा दिला. तो अमलात आल्यावर २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्यांनी निवेदन केले: गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, मुंबईविषयीची घोषणा मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता केली गेली.

१०/ शास्त्री आणि देशमुख यांच्या राजीनाम्यांतील भेद इथे आहे. शास्त्रींच्या राजीनाम्याने सरकारची प्रतिष्ठा वाढली. देशमुखांच्या राजीनाम्याने सरकारला प्रश्न विचारला. पहिल्याला दंतकथेचे स्थान मिळाले. दुसऱ्याला महाराष्ट्राबाहेर कोणी ओळखत नाही, आणि महाराष्ट्रातही तो ‘महाराष्ट्राचा अभिमान’ एवढ्यावरच संपतो. चौकशीच्या मागणीचा भाग गाळला जातो.

११/ चौकशी झाली नाही. देशमुख पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले. ज्यांच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या ते मोरारजी देसाई त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रात वाणिज्य व उद्योगमंत्री झाले. प्रश्न विचारणारा बाहेर आणि उत्तर देणे लागणारा आत, हा हिशेब लक्षात ठेवावा. मोरारजी याच कहाणीत पुन्हा भेटतील.

१२/ प्रकरण तिसरे: मुंदडा. १९५६ मध्ये विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटी रुपयांच्या आसपास रक्कम गुंतवली. त्या कंपन्यांची अवस्था संशयास्पद होती, आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. पैसा विमाधारकांचा होता.

१३/ डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत हे प्रकरण लावून धरले ते विरोधी पक्षाने नव्हे. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. आपल्याच पक्षाच्या अर्थमंत्र्याला, टी. टी. कृष्णमाचारींना, त्यांनी कोंडीत पकडले. (आजच्या काळात असा जावई पक्षात किती दिवस राहिला असता, हा निराळा प्रश्न.)

१४/ चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे आले. त्यांनी सुनावणी मुंबईत आणि उघड्यावर घेतली. गर्दी एवढी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. मंत्री, सचिव, महामंडळाचे अधिकारी एकेक करून साक्षीला आले, आणि शहरातील सामान्य माणूस, ज्याच्या हप्त्यांतून तो पैसा गेला होता, ते ऐकत राहिला. महिनाभराच्या आत अहवाल तयार होता.

१५/ कृष्णमाचारींचा बचाव असा की व्यवहार सचिवांनी केला, त्याला आपली संमती नव्हती. छागलांनी तो फेटाळला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. हाताखालच्या माणसाच्या आड त्याला लपता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. तो कोणाच्या औदार्यातून आलेला नव्हता. साक्षीपुराव्याने मागून घेतलेला होता.

१६/ छागलांची जाहीर सुनावणी सत्ताधाऱ्यांना रुचली नाही. नेहरूंचा कृष्णमाचारींवरचा विश्वास ढळला नाही. तेही पुढे मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. १९५८ मध्ये रिकाम्या झालेल्या अर्थमंत्रिपदावर आले मोरारजी देसाई. आणि मुंदडा प्रकरणात ठपका बसून सेवेबाहेर गेलेले सचिव एच. एम. पटेल? १९७७ मध्ये मोरारजी पंतप्रधान झाले तेव्हा तेच पटेल देशाचे अर्थमंत्री झाले. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

१७/ तरीही मुंदडा प्रकरण उरलेल्या तिन्हींपेक्षा वेगळे आहे. पैसा कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाला न विचारता गुंतवला, हे आज कोणालाही वाचता येते. माणसे परतली, पण सत्य परत तिजोरीत गेले नाही. अरियलूरची आठवण काढणाऱ्यांनी खरे तर छागलांच्या सुनावणीची आठवण काढायला हवी. पण ध्वनिक्षेपकाभोवतीच्या गर्दीचे छायाचित्र हृदयाला हात घालत नाही.

१८/ इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनी टाळ्या वाजवू नयेत. ‘राजीनाम्याने मेलेले परत येणार आहेत का?’ असे विचारणारे मंत्री सर्व पक्षांत आहेत, आणि वरील विवेचन त्यांना सोयीचे वाटेल. ते त्यांच्यासाठी नाही. ज्याच्या खात्याची चौकशी चालू आहे त्याच्याच हाती त्या खात्याच्या फायली आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या असणे हा न्यायाचा उपहास आहे. खुर्ची सोडायची ती चौकशीला जागा मोकळी करून देण्यासाठी. चौकशीऐवजी सोडली तर ती पळवाट. सोडलीच नाही तर उघड अडथळा.

१९/ प्रकरण चौथे, सर्वांत जड. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध काँग्रेस पक्षातच संताप उसळला. महिनाअखेरीस संरक्षण खाते काढून घेऊन त्यांना ‘संरक्षण उत्पादन’ एवढेच ठेवण्यात आले. तेही न भागल्याने ७ नोव्हेंबरला त्यांचा राजीनामा आला. देशाला वाटले, शुद्धीकरण झाले.

२०/ पंधरवडाही गेला नाही तोच, नोव्हेंबरच्या मध्यास, चिनी सैन्याने दुसरा तडाखा दिला. से ला आणि बोमडिला पडले, तेव्हा मेनन मंत्रिमंडळात नव्हते. पुढच्या चौक्या उभारण्याचे धोरण, त्यामागील चीन प्रतिकार करणार नाही हा समज, बर्फात सुती कपड्यांनिशी आणि जुन्या रायफलींनिशी पाठवलेले जवान, यांतले काहीच त्यांच्या जाण्याने बदलले नव्हते. कारण ते धोरण एकट्या मेननांचे नव्हतेच. नोव्हेंबर १९६१ च्या ज्या बैठकीत त्याला आकार आला, तिच्या अध्यक्षस्थानी पंतप्रधान होते.

२१/ मेननांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी माणूस आजही अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानाखाली झाकली गेलेली एक गोष्ट म्हणजे हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल.

२२/ लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंह भगत यांनी पराभवाची छाननी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. कार्यकक्षा लष्करी बाबींपुरती होती: प्रशिक्षण, साधने, सेनापतित्व. राजकीय निर्णयांची चौकशी त्या कक्षेत नव्हती. एवढी काटछाट करूनही जे उरले तेही सरकारने संसदेपुढे ठेवले नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी सभागृहात अहवालाविषयी निवेदन केले. अहवाल गोपनीयच राहिला.

२३/ यशवंतरावांनी सैन्याची नव्याने बांधणी केली, आणि १९६५ च्या युद्धात तिचा उपयोग झाला. ते श्रेय त्यांचेच. पण १९६२ मध्ये मेलेल्या जवानाच्या आईला आपला मुलगा कोणाच्या आदेशाने तिथे उभा होता हे समजण्याचा हक्क होता की नाही? मेनन गेले, सेनाप्रमुख थापर गेले, आणि प्रश्न मिटला असे मानण्यात आले. बळी दिल्यावर देवीला प्रश्न विचारायचे नसतात.

२४/ २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितले की अहवालातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर खुला केला. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी जुनी कागदपत्रे किती काळ दडवायची, असा सवाल केला. काही महिन्यांतच ते संरक्षणमंत्री झाले. जुलै २०१४ मध्ये राज्यसभेत त्यांचे उत्तर आले: अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही.